चंदीचा हिशेब

निवृत्तीनंतर ऐतिहासिक कादंबरी लिहिणे हा आपल्याकडे पाचवा आश्रम मानायला हरकत नाही. कविता कॉलेजात होऊन जाते, कथा नोकरीतल्या कंटाळ्यात जमते. पण पाचशे पानांची, मुखपृष्ठावर उपसलेली तलवार असलेली कादंबरी लिहायची तर पेन्शनच सुरू व्हावी लागते. त्यातून हे काम सोपे, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. माणसे होऊन गेलेली, घटना घडून गेलेल्या, शेवट सगळ्यांना ठाऊक. आपण मध्ये संवाद भरायचे आणि अधूनमधून घोड्यांच्या टापा वाजवायच्या.

मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात होतो. हयात दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप घेण्यात गेली. माझी एकूण साहित्यसेवा म्हणजे ऑडिटचे पॅरे. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि कंदी पेढ्यांचा पुडा हातात पडल्यावर कोणीतरी विचारले, ‘‘साहेब, आता पुढे काय?’’ माझ्या आधीच्या एकाने नर्मदा परिक्रमा जाहीर केली होती, दुसऱ्याने सेंद्रिय हळद. मी म्हणालो, ‘‘कादंबरी. ऐतिहासिक.’’ टाळ्या पडल्या. साताऱ्यात राहून माणूस दुसरे म्हणणार तरी काय? खिडकी उघडली की अजिंक्यतारा दिसतो आणि भाजीला निघाले की राजवाडा आडवा येतो.

घरी बायको एवढेच म्हणाली, ‘‘लिहा की. पण दुपारी लिहा. सकाळी नळाला पाणी असतं.’’

सकाळी फिरायला आमच्याबरोबर एक निवृत्त गुरुजी असतात. त्यांनी मात्र बेत ऐकून मनापासून पाठ थोपटली. ‘‘रियासतकार सरदेसाई! बडोद्याच्या नोकरीतून १९२५ मध्ये निवृत्त झाले, कामशेतला जाऊन राहिले, आणि मग पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. साठीनंतर! पंचेचाळीस!’’ आम्ही त्या वेळी किल्ल्याचा चढ चढत होतो. हा आकडा ऐकून मला धीर येण्याऐवजी दम लागला.

पहिला प्रश्न नायकाचा. मराठ्यांच्या इतिहासात नायक चिक्कार, हा समज ग्रंथालयात पाऊल टाकेपर्यंतच टिकतो. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये निघाली तेव्हा एसटी रिकामी होती. मी चढलो तेव्हा प्रत्येक सीटवर कुणाचा ना कुणाचा रुमाल. थोरले माधवराव रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त, शिवाजी महाराज त्यांच्याच ‘श्रीमान योगी’त, संभाजी महाराज शिवाजी सावंतांच्या ‘छावा’त. ना. सं. इनामदारांनी तर पुढून मागपर्यंत रुमाल टाकून ठेवलेले: यशवंतराव होळकर, त्रिंबकजी डेंगळे, पहिले बाजीराव, दुसरे बाजीराव. औरंगजेबालासुद्धा त्यांनी सोडले नाही. पानिपत म्हणावे तर विश्वास पाटील १९८८ पासून तिथे तळ देऊन आहेत.

तरीही मी पानिपतच घेतले. कारण घरगुती होते. आमचा एक पूर्वज पानिपतावर पडला असे आमच्या घराण्यात पूर्वापार सांगतात. सातारा जिल्ह्यात असे न सांगणारे घराणे मला अजून भेटायचे आहे. पानिपतावर गेलेल्या सगळ्या पूर्वजांची बेरीज केली तर अब्दाली यमुना न ओलांडता परत गेला असता. पण परंपरा ती परंपरा. तिच्यावर व्हाउचर मागता येत नाही.

पहिले प्रकरण मी शेवटापासून सुरू केले. हल्ली तशी पद्धत आहे. लढाई संपली आहे, पौर्णिमेचे चांदणे पडले आहे, जखमी शिलेदार घोड्याच्या मानेला बिलगून दक्षिणेकडे निघाला आहे. चांदण्यावर मी दीड पान खर्ची घातले. गुरुजींनी ते वाचले, पिशवीतून जंत्री काढली आणि म्हणाले, ‘‘१४ जानेवारी १७६१. पौष शुद्ध अष्टमी. अर्धा चंद्र. तोसुद्धा मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो.’’

‘‘मग?’’

‘‘मग त्याला लवकर निघायला सांगा.’’

दुसऱ्या प्रकरणात फौज निघायची होती. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये पडतूरहून निघाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत शिरली. कसलेला कादंबरीकार एवढे अंतर एका परिच्छेदात कापतो. धुळीचे लोट, जरीपटका, ‘हर हर महादेव’, आणि वाचक नर्मदेपलीकडे. मलाही तेवढेच करायचे होते. पण ‘घोडे’ हा शब्द कागदावर उतरला मात्र, माझी सगळी नोकरी जागी झाली. घोडे किती? त्यांना चंदी कोण पुरवणार? हरभऱ्याचा भाव कुठला धरायचा, निघाल्या ठिकाणचा की बुऱ्हाणपूरचा? खरेदीसाठी तसलमात कुणाच्या नावे काढली आणि तिचे समायोजन झाले का? नालबंदी कोणत्या शीर्षाखाली? शिवाय बरोबर यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे. यांचा प्रवासभत्ता नव्हे, पण जेवण? मी हे सगळे आधी एका वेगळ्या वहीत मांडायला घेतले. वही भरली. फौज उभी.

‘‘कुठवर आली?’’ बायको भाजी निवडता निवडता विचारायची.

‘‘बुऱ्हाणपूर.’’

पुढच्या आठवड्यात पुन्हा, ‘‘कुठवर?’’

‘‘बुऱ्हाणपूर.’’

‘‘अहो, आमची यात्रा कंपनी याहून लवकर काशीला पोचली होती.’’

मुलाने बंगळुरूहून फोनवर सुचवले, ‘‘बाबा, कादंबरी आहे ना? घोडे काही खात नाहीत असं समजा.’’ माझाच मुलगा, पण खासगी क्षेत्रात वाढला.

एक मात्र झाले. या वहीच्या नजरेने मी जसजसा वाचत गेलो, तसतसे पानिपत मला आधीपेक्षा जास्त कळू लागले. शाळेत आम्हाला भाऊ हत्तीवरून उतरले ते शिकवले. भाऊंच्या खजिन्यात काय होते ते कोणी शिकवले नाही. फौज उत्तरेत पोचली तेव्हाच पैशाची ओढ होती. वसुलीचा पैसा आणि धान्य अंतर्वेदीतून गोविंदपंत बुंदेल्यांनी पाठवायचे, अशी तजवीज. ती पुरी पडेना. दिल्लीत दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून भाऊंना नाणी पाडावी लागली. लोक हा प्रसंग सांगताना हळहळतात किंवा नाके मुरडतात. मला त्यात महिनाअखेरचा रोखपाल दिसला. या खर्चाला पूर्वमंजुरी नव्हती हे उघड आहे. तरी त्यावर आक्षेप काढायला माझा हात धजला नाही. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला, तिथे धान्य सापडले, दसरा साजरा झाला. तेवढ्यात अब्दाली यमुना उतरून मागे आला आणि दक्षिणेची वाट बंद झाली. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, रसद सांगायला कोणी उरले नाही. छावणीत जनावरे आधी मेली, मग माणसांची पाळी आली. चौदा जानेवारीला फौज बाहेर पडली ती उपाशी मरण्यापेक्षा लढू म्हणून. इतिहासकार भाऊंचा स्वभाव, होळकरांचा सल्ला, विश्वासरावांना लागलेली गोळी यांवर भांडोत. माझा पॅरा एका ओळीचा आहे: निधी वेळेवर प्राप्त झाला नाही.

ही ओळ लिहून झाल्यावर मला पहिल्यांदाच वाटले की आपण ऐतिहासिक कादंबरी लिहू शकू.

आणि नायकही त्याच वहीत सापडला. पानिपतावरून जी माणसे जीव वाचवून परत आली, त्यांत एक एकोणिसाव्या वर्षातला फडणीस होता. आई आणि बायकोला तीर्थयात्रा घडावी म्हणून तो त्यांना घेऊन फौजेबरोबर गेलेला. आई त्या धामधुमीत गेली. बायको वाचली. त्याने पुढे आपल्या हाताने छोटेसे आत्मचरित्र लिहिले. त्यात आपण कसे पळालो, कसे लपलो, हे इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की कुठल्याही कादंबरीकाराची आपल्या नायकाला असे वागू द्यायची छाती होणार नाही. हा बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणवीस. एवढे मातब्बर तलवारबहाद्दर त्या मैदानात राहिले, आणि फडावरच्या या पोराने परत येऊन १८०० मध्ये डोळे मिटेपर्यंत राज्याचा हिशेब सांभाळला. आमच्या खात्यातल्या कुणाचा पुतळा चौकात असू शकतो, ही शक्यता मला तोवर सुचली नव्हती.

नानांवर लिहिणारे पुष्कळ झाले आहेत. म्हणून मी त्यांच्या फडावरचा एक काल्पनिक कारकून घेतला. त्याला आमच्या पूर्वजाचे नाव दिले आणि हातातली तलवार काढून बोरू दिला.

हे मी गावच्या यात्रेत चुलतभावांना सांगितले, ती वेळ चुकली असावी. मटणाची पंगत बसली होती.

‘‘दादा, म्हणजे आपला माणूस लढत नाही?’’

‘‘हिशेब लिहितो. लढाईपेक्षा कठीण काम आहे ते.’’

‘‘अरे पण घोड्यावर तरी असंल ना?’’

‘‘तट्टावर आहे.’’

पंगत थांबली. माझ्या मागून ताईकाकू म्हणाल्या, ‘‘तट्टू? आपल्या घराण्याला?’’

मी समजावून सांगितले की स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी पागेचा घोडा मिळतो तो बारगीर, आणि कारकुनाला ज्यावर दप्तर लादता येते ते जनावर. धाकट्या चुलतभावाने विचारले, स्वतःचा घोडा घ्यायला तेव्हा किती लागत? आपण सगळे वर्गणी काढू. घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्रीत ठराव झाला: मूळपुरुषास घोडा मिळावा, रंग पांढरा. मी उत्तर दिले की प्रस्ताव विचाराधीन आहे. या वाक्याने सरकारात अनेक वर्षे निघतात, घराण्यातही निघतील.

दरम्यान घरातली भाषा बिघडली होती. संवाद मोठ्याने म्हणून पाहायची सवय लागली, आणि ऐतिहासिक संवादाची एक गोची अशी आहे की त्यात कोणी साधे काही मागूच शकत नाही. एकदा दारावरची बेल वाजली आणि मी आतून गरजलो, ‘‘कोण आहे रे तिकडे?’’ बाहेरून आवाज आला, ‘‘घंटागाडी. ओला वेगळा द्या.’’ दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणालो, ‘‘आम्हांस मीठ कमी वाटते.’’ बायकोने बरणी माझ्यापुढे सरकवली. ‘‘आपण स्वहस्ते घ्यावे.’’

पेशवाईतल्या स्वयंपाकाची चौकशी तिच्याकडे सोपवली हे मात्र बरे झाले. छावणीत एकादशी आली तर साबुदाण्याची खिचडी नाही, ती पुष्कळ नंतरची. टोमॅटोचे सार नाही. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून येऊन तोवर चांगली मुरली होती, तेव्हा ठेचा वाचला. आमच्या भागातल्या वाचकाने ठेच्याशिवाय भाकरी सहन केली नसती. चहा नाही हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. ‘‘मग सकाळी उठून ही माणसं करत काय होती?’’ या प्रश्नाला उपलब्ध साधनांत उत्तर नाही. काडेपेटीही नाही. घासून पेटणारी काडी इंग्लंडात १८२७ च्या सुमाराला विकायला आली, म्हणजे माझ्या कारकुनाला रात्री दिवा लावायचा तर चकमक झाडावी लागणार. त्याच्याकडे मिनिटेही नाहीत, घटका आणि पळे आहेत. ‘तो दोन मिनिटांत आला’ हे मी खोडून ‘पाच पळांत आला’ केले. हिशेब चोख आहे, चोवीस सेकंदांचे एक पळ. पण माणूस उगाच धापा टाकत आल्यासारखा वाटतो.

मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. आधी वर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली होता होईल तो हात न उचलता लिहीत सुटायचे. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. वर्गातली तरुण मुले वैतागत. मी ग्रामपंचायतींच्या अहवालांवर पोसलेला माणूस. मला घरी आल्यासारखे झाले. कालगणनेचा घोळही मजेशीर. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे असले की इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार: शुहूर सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की पानिपताचे साल हाती येते. दोन आकडे अशासाठी की हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते. एक एप्रिलला वर्ष बदलते यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटायला काहीच हरकत नव्हती. मृगाला निदान पाऊस तरी पडतो.

मग रीतसर अर्ज करून पुण्याला पेशवे दफ्तरात गेलो. इंग्रजी अमदानीतली दगडी इमारत, आत रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद. मनात असे होते की गाठ सोडली की आतून ‘गारद्यांनो, पुढे व्हा’ अशा आरोळ्या येतील. आतून आला जमाखर्च. तूप, तेल, दक्षिणा, वैरण, कोणाला वस्त्रे, कोणाला रोजमुरा. शेजारी एक तरुण संशोधक बसला होता, तो चेहरा पाडून म्हणाला, ‘‘काका, सगळे नुसते हिशेबच आहेत हो.’’ मला त्याची कीव आली. मी एका पानाची बेरीज करून पाहिली. बरोबर होती. पुन्हा केली, पुन्हा बरोबर. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक माणसाला शेजारच्या टेबलावर बदलून घ्यावे असे वाटले. शेवटच्या काही वर्षांत माझ्या हाताखाली असा एकही नव्हता. बखरीत लाखाची फौज दोन ओळींत कापून काढता येते. इथे एका तुपाच्या घड्यासाठी माणूस तारीख, वजन, किंमत आणि कुणाच्या हस्ते आला ते लिहून ठेवतो. इतिहास कोणावर विश्वासून लिहायचा, हे मी तिथल्या तिथे ठरवले.

शंभरेक पाने झाल्यावर पुण्यातल्या एका प्रकाशकांना भेटलो. त्यांनी हस्तलिखिताला हात लावला नाही, फक्त वजनाचा अंदाज घेतला.

‘‘नायक कोण?’’

‘‘कारकून.’’

‘‘लढाई?’’

‘‘होते. पण तो त्या वेळी मागे रसदीची फर्द मिळवत असतो.’’

‘‘नायिका?’’

मी थांबलो. ते मात्र थांबले नाहीत. ‘‘हे पाहा, कव्हरवर घोडा येईल, उधळलेला. वर माणूस, हातात तलवार. आत तुम्ही काय ते लिहा. पण नायिका हवी. पाचशे प्रती आहेत, वाचनालयात बायका वाचतात.’’

घरी येऊन मी हे हसण्यावारी नेत बायकोला सांगितले. ती हसली नाही. चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘‘आणा ती शंभर पानं.’’ तोपर्यंत तिने एक ओळ वाचली नव्हती. दुपारभर वाचत बसली. हातात शिसपेन्सिल. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. समोरच्याच्या हातात पेन्सिल असली की काय वाटते हे मी उभ्या नोकरीत कधी अनुभवले नव्हते. नेहमी पेन्सिल माझ्याकडे असे.

संध्याकाळी तिने विचारले, ‘‘हा तुमचा कारकून घरून निघाला कधी?’’

‘‘होळीच्या आसपास. मार्चमध्ये फौज निघाली.’’

‘‘आणि पौषापर्यंत परत नाही. घरी बायको आहे, दोन पोरं आहेत, म्हातारी सासू आहे, असं तुम्हीच पान नऊवर लिहिलंय.’’

‘‘हो.’’

‘‘घोड्याच्या चंदीचा हिशेब आहे. नालांचा आहे. बैलाच्या वैरणीचा आहे. एका ठिकाणी तर शाईला लागणाऱ्या काजळाचासुद्धा आहे. या बाईला घरखर्चाला पैसे पाठवल्याची नोंद कुठं आहे?’’

नव्हती. शंभर पानांत कुठेही नव्हती. मी म्हणालो, ‘‘त्या काळी एकत्र कुटुंब असायचं, निघायचं कसंतरी...’’

‘‘‘कसंतरी’ हे तुम्ही कोणाच्या उत्तरात खपवून घेतलं असतं?’’

अनुपालन सादर करणे भाग होते. त्या काळी दूरदेशीचा माणूस घरी पैसे पाठवी ते हुंडीने. छावणीतल्या सावकाराकडे रक्कम भरायची, त्याने हुंडी लिहून द्यायची, ती घरी पोचली की इकडच्या पेढीवर वटवायची. मध्ये सावकार आपली हुंडणावळ कापून घेणार. मी हे सगळे एका परिच्छेदात बसवले आणि तिला दाखवले. तिने परिच्छेदाला फुली मारली. हुंडी मुदतीची होती की दर्शनी? मुदतीची असेल तर तोवर घरात काय शिजले? वाटेत टपाल बंद पडले ते कधीपासून? सावकाराने बाई माणूस बघून हुंडणावळ जास्त कापली नसेल कशावरून? आणि कार्तिकानंतर उत्तरेकडून काहीच येईना तेव्हा तिने गळ्यातले गहाण टाकले की परसातली म्हैस विकली? मी म्हणालो, म्हैस विकली असे करू. ती म्हणाली, ‘‘म्हैस कोणी विकत नाही. गळ्यातलं विकतात. म्हैस दूध देते.’’

आता लेखनाची वेळ दुपारऐवजी रात्री झाली आहे, कारण दुपारी ती सांगते आणि मी उतरवून घेतो. फौज अजून बुऱ्हाणपुरातच आहे. तिच्याकडे पाहायला मला सवड नाही. कारकुनाची बायको वाईच्या पेठेत एका सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसली आहे, आणि मूळ रकमेतून त्याने कापलेले दीड रुपये कशापोटी कापले ते सांगितल्याशिवाय उठायला तयार नाही. प्रकरण लांबले आहे. चुलतभावांना मी कळवले की मूळपुरुषाचा घोडा तूर्त बाजूला ठेवा, मूळपुरुषाच्या बायकोसाठी डोली पाहिजे का ते सांगा. ताईकाकूंनी उलट निरोप धाडला, ‘‘डोली कशाला? चालत गेली म्हणावं. साताऱ्याहून वाईला आमची आजी चालतच जायची.’’

प्रकाशकांचा परवा फोन आला होता. विचारत होते, नायिकेचे काही जमले का?

‘‘जमलं,’’ मी म्हणालो. ‘‘पण ती सध्या सावकाराकडे गेली आहे. हिशेब पुरा झाल्याशिवाय पुढच्या प्रकरणात यायचं नाही म्हणते.’’